सर, झालं!

महाराष्ट्रात हुशारीचा सरकारी भाव सध्या वर्षाला ५,००० रुपये आहे. हा झाला प्राथमिकचा भाव. उच्च प्राथमिकला ७,५०० मिळतात. ज्यांना हा आकडा कमी वाटतो, त्यांनी २०२३ पूर्वीचा तक्ता काढून बघावा. तेव्हा प्राथमिकची शिष्यवृत्ती वर्षाला २५० रुपयांपासून सुरू व्हायची आणि फार फार तर १,००० पर्यंत पोचायची. २५० भागिले ३६५ हे उदाहरण शिष्यवृत्तीच्या पेपरात घालायचं कुणाला सुचलं नसावं, ते बरंच झालं. उत्तर सत्तर पैशांच्या आत येतं आणि परीक्षार्थी खचून गेला असता.

निकाल लागला की चौकात फ्लेक्स लागतो. वर आमदार, त्यांच्या बाजूला सभापती, मध्ये नमस्कार करणारे युवा नेते, आणि उजव्या कोपऱ्यात पासपोर्ट आकारात शिष्यवृत्तीधारक. जुन्या दराच्या काळात या फ्लेक्सचं बिल शिष्यवृत्तीपेक्षा जास्त व्हायचं. हुशारीवर समाजाने केलेला खर्च मोजायचा तर तो सुद्धा धरायला हवा. नाहीतर शासनाचे आकडे उगाच केविलवाणे दिसतात.

शोधण्याच्या कामात मात्र आपलं राज्य कुणाला हार जाणार नाही. शिष्यवृत्ती परीक्षा पन्नासच्या दशकापासून आहे, म्हणजे महाराष्ट्र राज्य अजून जन्मायचं होतं तेव्हा त्यातली हुशार मुलं शोधायला सुरुवात झाली होती. दोन पेपर, प्रत्येकी पंचाहत्तर प्रश्न, दीडशे गुण. एकात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. वरच्या इयत्तेच्या पेपरात तर वीस टक्क्यांपर्यंत प्रश्न असे असू शकतात की चारांपैकी दोन पर्याय बरोबर, आणि दोन्हींचे गोल काळे केले तरच गुण. सरकारी कारभाराची इतकी प्रामाणिक पूर्वतयारी दुसऱ्या कुठल्या अभ्यासक्रमात नाही. एकाच प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं असतात, दोन्ही कागदोपत्री असावी लागतात, आणि एक जरी राहिलं तरी फाईल परत येते.

आता हुशारी नेमकी कोणत्या इयत्तेत उगवते, याबद्दल तज्ज्ञांमध्ये मतभेद असतील, शासनात नाहीत. शासनाचं मत एका वेळी एकच असतं. कित्येक पिढ्या ती चौथीत आणि सातवीत उगवत असे. मग शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक म्हणजे पाचवीपर्यंत आणि उच्च प्राथमिक म्हणजे आठवीपर्यंत ठरलं, आणि २०१६-१७ पासून हुशारीला एक वर्ष उशिरा उगवण्याचे आदेश निघाले. गावोगावच्या जिल्हा परिषद शाळा चौथीलाच संपतात, हे तिला कुणी कळवलं नव्हतं. पोरगी चौथीपर्यंत घोटून तयार करायची एका गुरुजींनी, आणि पाचवीला हायस्कुलात गेल्यावर तिचा फ्लेक्स लावायचा दुसऱ्यांनी. गुरुजी कितीही निष्काम असले तरी सकाळी सातचा बिनपगारी जादा तास घ्यायला माणसाला थोडं कारण लागतं. परीक्षेला बसणारी मुलं कमी होत गेली. २०२५ मध्ये शासनाने निर्णय फिरवला: हुशारी पुन्हा चौथी-सातवीत. मधल्या वर्षाची अडचण होऊ नये म्हणून २०२५-२६ पुरती चौथी, पाचवी, सातवी, आठवी, चारही इयत्तांमध्ये परीक्षा ठेवली. त्या एका वर्षात राज्यात अभूतपूर्व हुशारी असणार.

हे सगळं झाल्यावर, म्हणजे हुशार मूल सापडल्यावर, त्याचं करायचं काय, हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर कुठल्याही शासन निर्णयात शोधू नका, कुठल्याही वर्गात जाऊन बसा. गुरुजी फळ्यावर दहा गणितं लिहितात. खडूचा हात झटकून ते वळतात तोच दुसऱ्या बाकावरून एका मुलीचा आवाज येतो.

“सर, झालं!”

“झालं? मग तपास.”

“तपासलं.”

“पुन्हा एकदा तपास.”

“दोनदा तपासलं, सर.”

“बरं. फळा पूस.”

इथून त्या मुलीची बढती सुरू होते. फळा पुसणे, मग वर्गप्रमुख होणे, मग बोलणाऱ्यांची नावं लिहिणे, मग मागच्या बाकावरच्यांकडून पाढे म्हणवून घेणे, खिचडीच्या ताटल्या मोजणे, आणि सर तालुक्याला मिटिंगला गेले की दोन वर्ग एकदम सांभाळणे. राज्यातला सगळ्यात मोठा, वाड्यावस्त्यांपर्यंत पोचलेला प्रतिभावान विद्यार्थी विकास कार्यक्रम तो हाच. त्याला अर्थसंकल्पात शीर्ष लागत नाही, निविदा लागत नाही, उद्घाटनाला मंत्री लागत नाहीत. वर्षअखेर त्या मुलीला गणितात नवीन काही आलेलं नसतं, पण मुख्याध्यापक व्हायला लागणारी बहुतेक कौशल्यं येतात.

यात गुरुजींना हसण्यासारखं काही नाही. दोन शिक्षक, चार वर्ग. त्यात मतदार यादीचं काम, पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसची माहिती, आणि फोनवर दिवसभर टपकणाऱ्या लिंका. जी मुलं मागे राहिली त्यांच्यासाठी निदान चाचण्या आहेत, तक्ते आहेत, भेट द्यायला येणारे अधिकारी आहेत. आणि ते असायलाच हवं, त्यात दुमत नाही. पुढे गेलेल्या मुलासाठी मात्र रकाना नाही. आणि रकाना नाही ती गोष्ट आपल्याकडे घडलेली नसते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये या मुलांवर काही परिच्छेद आहेत. मंडळं असावीत, विषयवार गट असावेत, मार्गदर्शक सूचना तयार व्हाव्यात, बी.एड.मध्ये अशा मुलांच्या शिक्षणाचं विशेष प्रावीण्य ठेवता येईल. घरोघरी स्मार्टफोन आणि टॅब पोचले की ऑनलाइन प्रश्नमंजूषाही. वाचताना मन भरून येतं. पैसे कोण देणार, तास कोण घेणार, आणि तो तास वेळापत्रकात कुठून काढायचा, असले खडूस प्रश्न धोरणात शोधायचे नसतात. धोरण हे पत्रिकेतल्या गुणांसारखं असतं, छत्तीस जुळले म्हणजे संसार झाला असं नाही.

केंद्राने एक काम मात्र वेगात केलं. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा १९६३ साली दिल्लीपुरत्या दहा शिष्यवृत्त्यांनी सुरू झाली, वाढत वाढत देशभर गेली. अकरावी-बारावीला महिना १,२५० रुपये, पदवीला २,०००. रकमेपेक्षा त्या प्रमाणपत्राचा दबदबा मोठा होता. मार्च २०२१ नंतर ती पुढील आदेशापर्यंत थांबली. ज्या मुलांनी तेव्हा दहावीला तयारी केली होती ती पदवीपर्यंत जाऊन पोचली. आदेश मागेच राहिला. ‘शोध’ या शब्दाला सरकारी भाषेत मुदत नसते हे त्यांना प्रज्ञेच्या जोरावर आधीच कळायला हवं होतं.

न्यायाने बोलायचं तर नवोदय विद्यालयांना या टीकेतून वगळावं लागतं. १९८५-८६ मध्ये पहिली दोन सुरू झाली, हरियाणात झज्जरला आणि आपल्याकडे अमरावतीला. मुलं निवडली, मग त्यांना राहायला खोली, जेवण, शिक्षक, प्रयोगशाळा दिली. निवडल्यानंतरही खर्च करायचा असतो ही कल्पना आपल्याकडे अजून रुजलेली नाही. राज्याने साठच्या दशकात ग्रामीण मुलांसाठी शासकीय विद्यानिकेतनं काढली होती, त्यांच्या आजच्या रिक्त पदांवर बोलायला वेगळा लेख लागेल. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने १९६२ पासून या विषयाचं शास्त्र उभं केलं, पण ती संस्था आहे, शासन नव्हे. म्हणून तिला जमलं. आणि नवोदयात एका जिल्ह्यातून सहावीला जागा असतात ऐंशी. एक्याऐंशीव्या मुलीने फळा पुसावा.

अमेरिकेत तरी वेगळं असेल, असं समजून तिकडे मुलं वाढवणाऱ्या मराठी आईबापांना एक माहिती. पेनसिल्वेनिया राज्यात प्रतिभावान मुलाला ओळखणं आणि त्याच्यासाठी लेखी वैयक्तिक शिक्षण आराखडा करणं सरकारी शाळांवर बंधनकारक आहे. बुद्ध्यंक १३० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा इतर कसोट्यांवर मूल उतरत असेल, तर पालक तो आराखडा हक्काने मागू शकतात, वाद झाला तर सुनावणीपर्यंत जाऊ शकतात. या सगळ्यासाठी राज्याने ठेवलेला स्वतंत्र निधी? नाही. स्थानिक शाळा-जिल्ह्याने आपल्या गल्ल्यातून भागवायचं. म्हणजे तिकडे सक्ती आहे, पैसा नाही, त्यामुळे भांडणं होतात. आपण सक्तीही ठेवलेली नाही. सामाजिक सलोखा असा राखला जातो.

तरी हालचाल अगदीच नाही असं म्हणता येणार नाही. दोन शिक्षक, चार वर्गांची एखादी शाळा डोळ्यांसमोर आणा आणि दुपारी सव्वाचारला तिच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेला संदेश वाचा: “आपल्या शाळेतील विशेष प्रतिभावान विद्यार्थ्यांची माहिती सोबतच्या लिंकवर आज सायं. ५.०० पर्यंत भरावी. विलंब झाल्यास जबाबदारी मुख्याध्यापकांची राहील. माहिती नसल्यास निरंक अहवाल द्यावा.” गुरुजी लिंक उघडतात. पहिल्या पानावर विद्यार्थ्याचं नाव, आधार, बँक खातं, बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असल्यास नवा आयएफएससी. दुसऱ्या पानावर प्रतिभेचं क्षेत्र, प्रतिभेचा पुरावा (पीडीएफ, दोन एमबीच्या आत). तिसऱ्या पानावर, शाळेने त्या विद्यार्थ्यासाठी आजवर केलेले उपक्रम, फोटोसह.

फोटो काय, फळा पुसतानाचा टाकायचा?

केंद्रप्रमुखांना फोन लावतात. “साहेब, आमच्याकडं एक पोरगी आहे हो. चौथीत आहे, पण सातवीची गणितं करते.”

“गुरुजी, नाव टाकलं की उपक्रम दाखवावे लागतील. परत तपासणी लागेल. सगळ्या केंद्राचं निरंक चाललंय, तुमचं एकट्याचं कशाला वेगळं?”

“बरं, साहेब.”

पाचला दहा कमी असतात. गुरुजींचा चष्मा घरी, स्क्रीन लहान, रेंज फक्त खिडकीपाशी. शाळेत मोबाइलवर झरझर मराठी टाइप करता येणारं एकच माणूस असतं. गुरुजी तिला हाक मारतात, खिडकीत उभी करतात आणि सांगत जातात: शाळेचं नाव, यू-डायस क्रमांक, पट. पटाची बेरीज गुरुजींनी एकने चुकवलेली असते, ती न सांगता दुरुस्त करते. शेवटचा रकाना येतो.

“विशेष प्रतिभावान विद्यार्थी,” ती वाचते. “काय लिहू, सर?”

“निरंक लिही.”

“सर, र वर अनुस्वार, ना?”

“हो,” गुरुजी म्हणतात. “आणि लवकर सबमिट कर, पाचला लिंक बंद होते.”