जी. ए. प्रेमींचा मेळावा : नवशिक्या संयोजकांसाठी

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करून टाका. ज्यांच्या नावानं हा मेळावा भरणार आहे, ते हयात असते तरी आले नसते. जी. ए. कुलकर्णी सभा टाळत, सत्कार टाळत, फोटो टाळत. जे थोडे फोटो सापडतात त्यांत डोळ्यांवर काळा चष्मा असतो. धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचं, क्लबात पत्ते खेळायचे, घरी बसून लिहायचं, चित्रं काढायची आणि लोकांशी काय बोलायचं ते पत्रांतून, असा त्यांचा खाक्या. नवशिक्या संयोजकाला वाटतं, ही अडचण आहे. उलट केवढी सोय आहे! हयात लेखकाला स्टेशनवरून आणावं लागतं, त्याचं पथ्य सांभाळावं लागतं, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसणार यावरून तीन माणसं कायमची दुखावतात. इथे ती खुर्चीच नाही.

आता तारीख. सोयीच्या दोन तारखा आहेत आणि दोन्ही गैरसोयीच्या आहेत. जन्म १० जुलै १९२३ चा. पुण्यात तेव्हा पाऊस असतो आणि ज्येष्ठ सभासद पावसात घराबाहेर पडत नाहीत. कनिष्ठ सभासद जवळपास नाहीतच. मृत्यू पुण्यातलाच, ११ डिसेंबर १९८७. पण डिसेंबरचा दुसरा आठवडा म्हणजे सवाई गंधर्व महोत्सव. धारवाडच्या कथाकारावर प्रेम करणारा माणूस धारवाडकडच्या गाण्यावरही करतो, त्यामुळे तो ग्रुपवर ‘नक्की येतो’ असं लिहील आणि त्या दिवशी मंडपात सतरंजीवर मांडी घालून बसलेला असेल. अनुभवी संयोजक पत्रिकेवर ‘जयंतीनिमित्त’ छापतात आणि ऑगस्टमधला रविवार धरतात.

तारीख ठरली की माणसं जमवा. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढा. ‘काजळमाया’, ‘पिंगळावेळ’, ‘सांजशकुन’, ‘डोहकाळिमा’ ही नावं घेतलेली असतील, आणि प्रत्येक नावामागे आधीच्या ग्रुपमधून रागावून बाहेर पडलेला एक माणूस असेल. ‘शुभ सकाळ’ला बंदी घाला. वपु आणि पुलं यांच्या नावावर रोज काहीबाही खपवलं जातं, जी. ए. मात्र त्यातून बऱ्यापैकी सुटले आहेत, कारण फुलांच्या चित्रावर चिकटवता येईल असं वाक्य त्यांच्याकडे शोधायला गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत परत येत नाही.

सभासदांचे प्रकार नीट ओळखायला शिका. सगळं संयोजन यावरच उभं आहे.

सर्वांत वरचा मान पत्रवाल्यांचा. जी. एं.नी आयुष्यभर पत्रं लिहिली. त्यांच्या निवडक पत्रांचेच चार खंड निघाले. तरीही बरीच पत्रं घरोघरी उरली असणार, असा आपला अंदाज. अशा घरातला गृहस्थ मेळाव्याला येताना पत्राची प्लॅस्टिकमध्ये घातलेली प्रत घेऊन येतो. पत्रात पुष्कळदा एवढंच असतं की पुस्तक मिळालं, प्रकृती बरी आहे, सवडीनं लिहितो. ते त्याला वाचू द्या. वीस मिनिटं लागतील, कारण तो ओळींच्या मधलंही वाचतो.

दुसरे सुनीताबाईवाले. सुनीता देशपांडे आणि जी. ए. यांच्यातला पत्रव्यवहार त्यांना तोंडपाठ असतो. कथा एखाददुसरीच वाचलेली असते. यांच्याशी वाद घालू नका. पत्रांतून वाचक कथांकडे येईल की नाही सांगता येत नाही, पण मेळाव्याला तो वेळेवर येतो आणि वर्गणी देतो.

तिसरे बेळगाववाले. जी. एं.चा जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचा, शिक्षण बेळगावचं, नोकरी धारवाडची. तेव्हा पुण्याचा त्यांच्यावर हक्क किती, हा प्रश्न बेळगाववाले दर वर्षी शांतपणे विचारतात. शेवटची वर्षं ते पुण्यात होते, असं पुणेकर सांगतात. त्यावर बेळगाववाले म्हणतात, उपचारांसाठी होते. इथे चहा सांगा. बेळगाववाले मात्र खरोखर उपयोगी पडतात. कथेत कानडी वळणाचा शब्द आला की पुणेकर वाचक त्यावर तात्त्विक भाष्य करतो. बेळगावचा माणूस सांगतो की आमच्याकडे हे स्वयंपाकघरात असतं.

आणि चौथे ते, ज्यांना ‘इस्किलार’ समजली आहे. ‘रमलखुणा’ (१९७५) या पुस्तकात दोनच दीर्घकथा आहेत, ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’. समजलेल्या दोन माणसांना एका रांगेत बसवू नका, कारण दोघांना वेगवेगळं समजलेलं असतं.

या सगळ्यांचा समान दोष एकच, आणि तो माझ्यातही आहे : आपण जसे जी. ए. वाचले तसे दुसऱ्या कुणी वाचलेले नाहीत, अशी खात्री. एकांतात राहणाऱ्या लेखकाचे वाचक एकेकटेच घडतात. कुणी हॉस्टेलच्या खोलीत वाचलेलं, कुणी आजारपणात, कुणी वडिलांच्या कपाटातून चोरून. अशी चाळीस माणसं एका हॉलमध्ये आणणं म्हणजे चाळीस मांजरांची वरात काढणं. प्रत्येकाला जरासं असंच वाटतं की बाकीचे एकोणचाळीस चुकून आले आहेत. संयोजकानं हा समज दूर करायला जाऊ नये. मेळावा त्यावरच चालतो.

ऑनलाइन बैठक स्वस्त पडते, पण तिला घड्याळाचं गणित लागतं. शनिवारी भारतात संध्याकाळी साडेसात धरा. उन्हाळ्यात न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे दहा, कॅलिफोर्नियात सात, लंडनमध्ये दुपारचे तीन, मेलबर्नला मध्यरात्रीचे बारा. मेलबर्नचा सभासद सर्वांत मन लावून ऐकतो, जी. ए. ऐकायला ती वेळच योग्य. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात, तिकडे मेलबर्नची ऑक्टोबरातच तासभर पुढे गेलेली असतात, आणि हे कुणीच कुणाला सांगत नाही. तेव्हा हिवाळ्यातल्या पहिल्या बैठकीला कॅलिफोर्नियाचा माणूस पांघरुणातून बोलणार हे धरून चाला.

परदेशातल्या सभासदांना नुसते प्रेक्षक ठेवू नका, कामं द्या. ओहायोत कुणी असेल तर फारच उत्तम. जी. एं.नी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराची पुस्तकं मराठीत आणली. त्यांतल्या ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ या तिन्ही कादंबऱ्या ओहायोच्या जंगलात वस्ती करणाऱ्या माणसांच्या. म्हणजे ओहायोतला मराठी माणूस वीकेंडला गाडी काढून जी. एं.च्या एका मुलखात जाऊ शकतो, ज्याचा उल्लेख बेळगाववाल्यांच्या यादीतही नाही. त्याला दहा मिनिटं द्या. तो फोटो दाखवील. फोटोत झाडं असतील.

झूमवरचा सर्वांत कठीण क्षण अभिवाचन संपल्यानंतरचा. कुणीच बोलत नाही. हॉलमध्ये अशा वेळी सुस्कारे तरी ऐकू येतात; इथे श्रोते हेलावून गेलेत की निघून गेलेत ते कळायला मार्ग नसतो. दहा सेकंद थांबा. मग कुणाच्या तरी घरातला कुकर शिटी देईल आणि सगळे एकदम म्यूट शोधू लागतील.

प्रत्यक्ष मेळाव्याला हॉल छोटा घ्या. शंभर खुर्च्यांत चाळीस माणसं म्हणजे मराठी वाचकसंस्कृतीच्या ऱ्हासावर अग्रलेख. चाळीस खुर्च्यांत तीच चाळीस म्हणजे उदंड प्रतिसाद. बॅनरवर काळ्या चष्म्याचाच फोटो वापरा, दुसरा ‘दुर्मीळ’ म्हणून कुणी पाठवला तर तो बहुधा दुसऱ्याच कुणा कुलकर्ण्यांचा असतो. अभिवाचनासाठी ‘विदूषक’ घेऊ नका. फार मोठी आहे, आणि हॉलचा माणूस मधेच दिवे मालवून वेळ संपल्याचं सुचवतो. ‘कैरी’ घ्या. मात्र तिच्यावर अमोल पालेकरांनी चित्रपट काढलेला असल्यामुळे चर्चा दहाव्या मिनिटाला चित्रपटाकडे वळते आणि परत येत नाही. चर्चा टाळायची असेल तर हा उत्तम उपाय.

शाल-श्रीफळ ठेवायचं की नाही, यावर समितीत मतभेद होतील. ठेवा, पण ‘जी. ए. स्मृती पुरस्कार’ असं काही काढू नका. ‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उठला आणि जी. एं.नी पुरस्कार परत केला. तुम्ही पुरस्कार द्याल तो माणूस त्यांचा सच्चा चाहता निघाला तर काय करील, सांगा बघू.

लहान मुलं आलीच तर त्यांना मागच्या रांगेत ‘बखर बिम्मची’ द्या. त्या दिवशी हॉलमध्ये जी. ए. खरोखर वाचणारं तेवढंच माणूस असेल.

धारवाडची सहल दुसऱ्या वर्षी काढा, पहिल्या वर्षी नको. माणसं एकमेकांना तेवढी सहन होत नाहीत. रात्रीच्या गाडीनं मिरज, बेळगाव करत सकाळी उतरा. लेखकाचं घर दाखवा म्हटलं की रिक्षावाला साधनकेरीला दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांच्या घरी नेईल. त्याचं काही चुकत नाही. धारवाड हे आधी कानडी कवींचं गाव आहे, आणि बेंद्र्यांच्या घरात मराठीही होती. तिथे बसा, त्यांना नमस्कार करा, मग जनता शिक्षण समितीच्या कॉलेजकडे वळा. पुढे पेढे घ्या. धारवाडी पेढा पिठीसाखरेत लोळवलेला, तपकिरी, खरपूस असतो आणि त्यावर चारही प्रकारच्या सभासदांचं एकमत होतं. सहलीच्या अहवालात त्यामुळे पेढ्यांना अर्धं पान जातं.

हिशेब त्याच रात्री ग्रुपवर टाका. चहा, वडे, माइक, बॅनर; शिल्लक बहुतेक वजाच. यानंतर साधारण आठवडाभरात ग्रुप फुटेल. कारण ‘इस्किलार’ असेल किंवा वडे असतील. एक गट ‘रमलखुणा’ नावानं निघेल, दुसरा ‘रमलखुणा (मूळ)’ नावानं. तुम्ही दोन्हीकडे राहा आणि कुठेही मत देऊ नका. पुढच्या वर्षीच्या हॉलची अनामत तुमच्या नावावर भरलेली आहे, आणि ती परत मिळत नाही.