पाटी

सनीव्हेल, कॅलिफोर्निया

ती. आई-बाबांस,


बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडची माणसं आपल्यापेक्षा मोकळ्या मनाची ना रे?" म्हणून हे सविस्तर.

इथे बऱ्याच घरांपुढे हिरवळीत एक रंगीबेरंगी पाटी खोचलेली असते. कुठलाही माणूस बेकायदा नसतो, प्रेम म्हणजे प्रेम, वगैरे. आमच्या कोपऱ्यावरच्या आजींकडेही आहे. पाटीभोवतीचं गवत कापायला येणारा माळी राहतो थेट ट्रेसीला, कारण इथे घर परवडत नाही. आणि मागच्या गल्लीत चारमजली इमारत येणार म्हटल्यावर आजी सह्या गोळा करत आमच्या दारात. "गरिबांच्या घरांना माझा मुळीच विरोध नाही, पण पार्किंगचं काय?" यांची सगळी करुणा त्या 'पण'पाशी येऊन गाडी लावते.

अर्थात आजी म्हणजे किरकोळ. जवळच ॲथर्टन गाव आहे. एकेक प्लॉट एकराचा, म्हणजे आपले चाळीस गुंठे! नेटस्केपवाले मार्क अँड्रीसन तिथले. एप्रिल 2020 मध्ये त्यांनी निबंध लिहून अख्ख्या देशाला खडसावलं, की अरे, घरं बांधा, काहीतरी बांधा. पुढे सरकारने ॲथर्टनला 2031 पर्यंत 348 घरांची सोय करायला सांगितली, तर 2022 मध्ये याच गृहस्थांनी सपत्नीक गावाला कळवलं, की इमारतींना आमचा कडाडून विरोध. तोही ठसठशीत मोठ्या अक्षरांत. तिथलाच बास्केटबॉलवाला स्टेफ करी ओकलंडच्या मुलांच्या जेवणाला, शिक्षणाला पैसा देतो, अगदी मनापासून देतो. पण 2023 च्या जानेवारीत शेजारी 16 घरं येणार कळल्यावर त्या नवरा-बायकोंचंही पत्र गेलं. 'आमच्या परसात नको' म्हणणाऱ्यांत भर घालणं जिवावर येतं, असं आधी लिहून मग विरोध, आणि बांधायचीच असतील तर कुंपण तरी उंच करा.

आई विचारेल, तू सही केलीस का? नाही केली. पण आजी गेल्यावर आमच्या घराची किंमत किती उतरेल ते हळूच मोबाइलवर बघत होतो, आणि हिने मला बघताना पाहिलं. जेवणात त्या दिवशी फोडणीचा भात मिळाला.

बाबा, तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी. महिला दिनाला कामवाल्या मावशींना साडी दिल्याचा फोटो पोचला, छान आहे. त्यात मागे लिफ्टही दिसतेय, आणि 'कामवाल्यांनी जिना वापरावा' ही पाटी निम्मीच आलीय.

मावशींचे गुडघे कसे आहेत?

तुमचा,
बंड्या