टेबलावरचे सरनौबत

जबलपुरात तोफेचं कुणाला अप्रूप नाही. १९०४ साली इथं गन कॅरेज फॅक्टरी निघाली, दुसऱ्या महायुद्धात खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना आला, १९६९ मध्ये लष्करी गाड्यांचा. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या दोन्ही रेजिमेंटांची केंद्रं इथंच. २०१९ साली लष्कराच्या हवाली केलेली १५५ मिलिमीटरची ‘धनुष’ तोफसुद्धा इथलीच. त्यामुळे नेपियर टाउन असो, राइट टाउन असो की रांझी, दारावर मराठी आडनावाची पाटी दिसली की आत कुणीतरी ‘जीसीएफ’मधून नाहीतर ‘व्हेईकल’मधून निवृत्त झालेलं असणार, असं खुशाल धरून चालावं. यातले बरेच जण निवृत्तीनंतर शहाण्यासारखे वागतात. सकाळी ग्वारीघाटाला जाऊन येतात, संध्याकाळी गणपती मंडळाच्या हिशेबात चूक काढतात. काहींची मात्र तोफ सुटत नाही. जन्मभर खऱ्या तोफा तपासलेला माणूस साठीनंतर दोन सेंटिमीटरची तोफ चिमटीत धरतो, तिच्या चाकाला आरे किती असावेत या चिंतेनं रात्र काढतो, आणि बघता बघता त्याचा सरनौबत होतो.

सरनौबत ही पदवी आळीची. ती त्यांना मनापासून आवडते, फक्त ती देताना आळी हसली होती हे त्यांनी लक्षात घेतलेलं नाही. त्यांचा छंद म्हणजे इतिहासातल्या लढायांचे अंगठ्याएवढे शिपाई जमवायचे, ते रंगवायचे, टेबलावर मांडायचे आणि फासे टाकून लढाई पुन्हा लढायची.

या रोगाची लागण लहानपणीच होते. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करायचा, त्यावर अळीव पेरायचं आणि नागपूरहून मामानं आणलेले मातीचे मावळे उभे करायचे. बाकीची पोरं एवढ्यावर खूश असत. सरनौबतांना त्या वयातही खटकायचं. मावळा दरवाजापेक्षा उंच, वाघ मावळ्याच्या गुडघ्याला, आणि गवळण बुरुजाएवढी! हा मावळा किल्ल्यात शिरणार कसा, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मामा म्हणाले, “वाकून.” त्या उत्तरानं समाधान न झालेला मुलगा पुढे तोफांच्या कारखान्यात तपासनीस झाला, यात नवल नाही.

आता प्रमाणाची बाब. या शिपायांची एक जात अठ्ठावीस मिलिमीटरची, एक पंधराची, आणि प्लॅस्टिकची एक जात बहात्तरास एक. पण अठ्ठावीस म्हणजे कुठून कुठवर, यावर विलायतेतल्या कारखानदारांचं एकमत नाही. कुणी पायापासून डोळ्यापर्यंत मोजतो, कुणी टाळूपर्यंत. सरनौबत व्हर्नियर कॅलिपर लावतात आणि संतापतात. “हे असलं टॉलरन्स घेऊन आमच्याकडे आला असता ना, तर अख्खी बॅच परत पाठवली असती!” शिपाई निमूटपणे ऐकून घेतो. अजून त्याला तोंड रंगवलेलं नसतं.

त्यांची खोली एकदा बघावी. काचेच्या कपाटात वर्षश्राद्धाच्या भांड्यांच्या शेजारी गारदी उभे आहेत. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत रंग आहेत. दंतवैद्यानं टाकून दिलेली अवजारं आहेत, कारण पुट्टीतून शेल्याची चुणी काढायला त्यासारखं दुसरं हत्यार नाही. गुरंदी बाजारातून घासाघीस करून आणलेलं घड्याळजीचं भिंग आहे. पायाखालची जमीन करायला नर्मदेची वाळू, तीही चहाच्या गाळण्यानं चाळलेली. गवतासाठी हिरव्या रंगात भिजवून वाळवलेला लाकडाचा भुसा. आणि पलंगाखाली खोक्यांत न रंगवलेले शिपाई. जगभरच्या या मंडळींकडे असा एक डोंगर असतोच. रंगवण्याचा वेग आणि विकत घेण्याचा वेग यांचा मेळ आजवर कुणालाच जमलेला नाही. सरनौबतांचा हिशेब सरळ आहे: “इतके रंगवायचे राहिलेत म्हटल्यावर यमदूताला थांबावंच लागेल.”

शिपाई रंगवताना त्यांच्याजवळ कुणी शिंकायचं नाही. आधी साबणाच्या पाण्यानं धुऊन अस्तराचा हात. मग अंगरखा, पगडी, कातडी, एकेक रंग पाण्यासारखा पातळ. त्यावर गडद रंगाचं पाणी सोडायचं, ते चुण्यांमध्ये उतरून आपोआप सावली धरतं. मग जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरवायचा, की ऊन पडल्यासारखं दिसतं. सगळ्यात शेवटी डोळे. श्वास रोखून पांढरा ठिपका, त्यात काळा ठिपका. काळा ठिपका केसभर सरकला की शिपाई चकणा होतो. सरनौबतांच्या घोडदळात बरेचसे स्वार असे आहेत की शत्रू समोर असताना ते घोड्याच्या कानाकडे पाहतात. पाहुण्यानं तसं बोलून दाखवलं तर उत्तर तयार असतं: “टेहळणी पथक आहे.”

त्यातून मराठी फौज रंगवणं म्हणजे शिक्षाच. इंग्रजांचं सोपं आहे, एक लाल डबी उघडली की पलटण तयार. मराठी स्वारांना गणवेश नाही. प्रत्येकाची पगडी निराळी, शेला निराळा, घोड्याचं खोगीर निराळं. म्हणून मग चित्रं धुंडाळायची, बखरी काढायच्या, नागपूरच्या जुन्या मित्राला रात्री साडेदहाला फोन करून विचारायचं, “भोसल्यांच्या स्वारांच्या पायांत जोडे असायचे की नाही रे?” मित्र आता साडेनऊनंतर फोन बंद ठेवतो.

“या वयात बाहुल्यांशी काय खेळायचं!” असं कुणी म्हणालं, तर सरनौबत चष्मा कपाळावर चढवतात आणि पुरावे मांडतात. १८२४ साली राइसविट्स नावाच्या प्रशियन अधिकाऱ्यानं नकाशावरच्या युद्धाचा खेळ सेनाप्रमुखांना दाखवला आणि पुढे तो सैन्याच्या शिक्षणाचाच भाग झाला. १९१३ साली एच. जी. वेल्सनं शिपायांच्या अशाच खेळाचं ‘लिटल वॉर्स’ हे नियमांचं पुस्तक काढलं आणि वयोमर्यादा घातली बारा ते दीडशे वर्षं. “म्हणजे माझी अजून निम्मीसुद्धा झालेली नाहीत.” ड्रॅक्युलाच्या सिनेमांतला पीटर कुशिंगही हेच करायचा. ड्रॅक्युलाचं नाव निघालं की काकू म्हणतात, “संगत कळली.”

काकू म्हणजे या संसारातलं दुसरं सैन्य. त्यांना शिपाई म्हणजे ‘ती चिल्लीपिल्ली’. विलायतेहून पुडकं आलं की सरनौबत फाटकातच ते ताब्यात घेतात. किंमत विचारली तर “सवलतीत मिळालं” एवढंच कळतं. सीमाशुल्क हा शब्द त्या घरात कुजबुजीतही निघत नाही. काकूंना आकडा बरोबर ठाऊक असतो, पण त्या तो राखून ठेवतात. पैठणीच्या वेळी लागतो.

दोन्ही सैन्यांची गाठ पडते ती १४ जानेवारीला. पानिपतची लढाई १७६१ सालच्या त्याच तारखेची, म्हणून सरनौबत दर वर्षी जेवणाच्या टेबलावर पानिपत मांडतात. त्याच दिवशी संक्रांत, आणि काकूंना हळदीकुंकवाला तेच टेबल हवं असतं. त्या म्हणतात, “निदान सणाचं तरी भान ठेवा. त्यांनीसुद्धा संक्रांतीलाच लढाई कशाला काढली?” इथं गप्प बसतील तर ते सरनौबत कसले! “त्या वर्षी संक्रांत चौदाला नव्हतीच. ती हळूहळू पुढे सरकते. विवेकानंद १८६३ च्या १२ जानेवारीला जन्मले, तो दिवस संक्रांतीचा. मग त्याच्याही शंभर वर्षं आधी...” तोवर काकूंनी मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांच्या जागी तिळगुळाचा डबा ठेवलेला असतो.

त्यांचे प्रतिपक्षी म्हणजे ग्रेनेडियर्समधून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब. त्यांनी जन्मभर लष्कराच्या वाळूच्या मॉडेलवर धडे घेतलेले, खरी सीमाही पाहिलेली. अब्दालीचा पक्ष घ्यायला आळीत दुसरं कुणी तयार नसतं, सुभेदारांना त्याचं काही वाटत नाही. सरनौबत टेप काढून घोडदळाची चाल मोजतात, नियमांचं पुस्तक चाळतात, फासे टाकतात, पुन्हा पुस्तक चाळतात. सुभेदार चहा संपवून म्हणतात, “साहब, इतनी धीमी लड़ाई में तो हम पेन्शन पर चले जाते.”

लढाई दर वर्षी जवळपास तशीच वळते. डावीकडे इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी रोहिल्यांना मागे रेटतात, मध्ये भाऊंची हुजुरात घुसते, आणि दुपारपर्यंत सरनौबतांचा चेहरा उजळतो. सुभेदार घाई करत नाहीत. त्यांनी राखीव फौज आणि उंटांवरच्या जंबुरकी फ्रिजच्या बाजूला ठेवलेल्या असतात. त्या पुढे आल्या की टेबल हातचं जातं. खिडकीतून बघणारा शेजारचा पोरगा ओरडतो, “काय बड्डे, फिर हार गए?” घरचा खेळ, घरचे फासे. सरनौबतांनी एखादा फासा पुन्हा टाकला तर कोण अडवणार आहे? पण ते टाकत नाहीत. कारखान्यात नापास तोफेवर पासाचा शिक्का मारला नाही, तो इथं कसा मारतील?

एवढ्यावर थांबते ती गंमत. सरनौबतांची खरी ओळख पटते ती त्यांच्या बैलांवरून. छंद सुरू केला तेव्हा त्यांना फक्त सरदार आणि तोफा हव्या होत्या. मग त्र्यं. शं. शेजवलकरांचं ‘पानिपत’ हाती लागलं आणि त्यांचं लक्ष गोविंदपंत बुंदेल्यांकडे गेलं. हे गोविंदपंत सागरचे, म्हणजे जबलपूरकरांच्या शेजारचे. पुढे १७८१ मध्ये जबलपूर मराठ्यांकडे आलं तेही सागरकरांच्याच हातून. भाऊंच्या फौजेला दाणागोटा आणि पैसा पोचवायचा, शत्रूची रसद तोडायची, हे काम या उतारवयातल्या, जडशीळ, घोड्यावर धड बसता न येणाऱ्या माणसाकडे होतं. १७६० च्या डिसेंबरात ते छाप्यात मारले गेले. पुढचे दिवस फौजेनं उपाशी काढले आणि उपाशीपोटीच ती लढायला बाहेर पडली.

हे वाचल्यापासून सरनौबत बैल रंगवतात. तांबडे, कबरे, एक शिंग मोडलेले, जू घासून खांद्यावरची कातडी गेलेले. गाड्यांवर गोण्या, गोण्यांवर ठिगळं. मागे लमाण, त्यांच्या बायका, पाणके, घोड्यांचे मोतद्दार. पुण्यात नोकरी करणारा मुलगा म्हणाला, “बाबा, आता असले बैल थ्री-डी प्रिंटरवर ढिगानं निघतात.” सरनौबतांनी त्याला तंत्रज्ञान आणि संस्कार यांवर प्रवचन दिलं आणि शेवटी विचारलं, “चाळीस जोड्यांना किती लागतील?” आता त्यांच्या टेबलावर लढणाऱ्यांपेक्षा ओझी वाहणारेच जास्त आहेत. सुभेदारांनी ते पाहून पहिल्यांदाच टेबलाला सलाम केला. खऱ्या सैन्यात राशनच्या गाडीची वाट पाहिलेला माणूस होता तो.

रसदेचं महत्त्व सरनौबतांना घरीही कळलेलं आहे. संक्रांतीच्या दुपारी तीनपर्यंत टेबल मोकळं झालं नाही की स्वयंपाकघरातून येणारा चहा बंद होतो. गुळपोळीचा वास येतो, गुळपोळी येत नाही. इतिहासाचा अभ्यास असलेला सेनापती अशा वेळी काय करतो? तो फौजा ट्रेमध्ये भरतो आणि तहाला बसतो. तहाच्या अटी काकू सांगतात. त्यात रद्दी विकणं हे एक कलम कायमचं असतं.

चौकात भगवा फेटा बांधून कर्ण्यावरून इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांना पानिपतावर कोण कोण धारातीर्थी पडलं ते पाठ असतं, पण शेवटच्या आठवड्यात फौज काय खात होती हे विचारा, कर्णा बंद पडतो. सरनौबतांकडे कर्णा नाही. त्यांच्याकडे मोडक्या शिंगाचा बैल आहे, आणि तो तिथं का आहे हे त्यांना सांगता येतं. माझ्या मते इतिहासाचा अभिमान बाळगायचा अधिकार आधी अशा माणसाला द्यावा, मग उरला तर इतरांना वाटावा.

तुमच्याही घरात, आळीत असे एखादे सरनौबत असतील. त्यांच्याकडे गेलात तर तीन गोष्टी सांभाळा. शिपायांना बाहुल्या म्हणू नका, किंमत काकूंसमोर विचारू नका, आणि कपाटावर धूळ दिसली तरी कृपा करून फडका मारू नका. भाल्याची टोकं फार लवकर वाकतात.