अण्णांचा ताबा

आर्टिकलशिपच्या काळात दर एप्रिलला आमचे साहेब मला पुण्यातल्या एका गॅरेजच्या वह्या तपासायला पाठवत. वह्या चोख असत. तपासावं लागे ते अण्णांना.

"थकलेली उधारी किती?" असं विचारलं की इतर हिशेबनीस यादी पुढे करतात. अण्णा चपला घालत. "चला, दाखवतो." मागच्या आवारात चिंचेखाली थकबाकी ओळीने उभी असे, काही चार चाकांवर, काही तीन चाकं आणि एका विटेवर. दुरुस्ती झाली पण बिल आलं नाही, अशा या गाड्या. प्रत्येकीच्या वायपरखाली दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घडी घातलेला कागद : खातेपान, रक्कम, तारीख.

1872 च्या करार कायद्याचं कलम 170 अण्णांना रामरक्षेसारखं पाठ. वस्तूवर मेहनत आणि कसब खर्च केलंय ना, मग मजुरी मिळेपर्यंत ती ठेवून घ्यायचा हक्क. कायद्याच्या मराठीत याला धारणाधिकार म्हणतात, आमच्या ऑफिसात लीन. अण्णा मात्र कुणापुढे लीन झाल्याचं ऐकिवात नाही.

"ही 18,400 ची," एका पद्मिनीवर थाप मारत ते म्हणाले. ताळेबंदात ती 'येणे, सुरक्षित' या सदरात होती.

"अण्णा, भंगारवाला हिचे सहा हजार देईल. म्हणजे सुरक्षित सहाच. उरलेले 12,400 असुरक्षित, आणि ते येणार नसतील तर संशयित धरून तरतूद करायला हवी."

बॉनेटखालून एक मांजर बाहेर पडलं, आमच्याकडे बघून परत आत गेलं.

"तारणाची किंमत भंगारवाल्याला विचारायची होय? गाडीच्या मालकाला विचारा. लग्न झाल्यावर बायकोला हिच्यातून महाबळेश्वरला नेलंय त्यानं. येईल."

"सात वर्षं झाली, अण्णा."

"म्हणजे बघा, दुसरी कुठे मिळाली असती तर गप्प बसला असता का?"

या युक्तिवादाला लेखापरीक्षणात उत्तर नाही. मी कायद्याकडे वळलो. कलम 170 वस्तू ठेवू देतं, विकू देत नाही. गाडी गहाण असती तर 176 खाली रीतसर नोटीस देऊन विकता आली असती. शिवाय तीन वर्षांत दाव्याची मुदत गेली. "दाव्याची गेली," अण्णा म्हणाले, "ताब्याची नाही." संध्याकाळी ऑफिसात पुस्तक उघडून पाहिलं. बरोबर होतं. याचा राग मला पुढची दोन वर्षं पुरला.

अण्णांचा खरा शत्रू म्हणजे गॅरेजचे मालक. माणूस भिडस्त. एकदा कुणीतरी "उद्या नक्की देतो" म्हणालं आणि मालकांनी किल्ली दिली. ताबा सुटला की हक्क सुटला. गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत अण्णांनी लाल शाईनं ती रक्कम सुरक्षितमधून असुरक्षितमध्ये नेली, तारखेपुढे वेळही लिहिली : दुपारी 4.10. मग मालकांच्या टेबलावर वही उघडीच ठेवून चहाला गेले. मालक त्यानंतर किल्ल्या अण्णांच्या ड्रॉवरमध्ये ठेवू लागले.

पद्मिनी शेवटी बुडीत खात्यात गेली. ती नोंद मी अण्णांच्या हस्ताक्षरात पाहिली आहे. इतकं बारीक अक्षर त्यांनी दुसरीकडे कुठेच काढलेलं नाही. गाडी मात्र चिंचेखालीच राहिली, वायपरखालच्या कागदासकट. "हिशेबातून काढलीय, आवारातून नाही."

गेल्या वर्षी अण्णा निवृत्त झाले. ग्रॅच्युइटीचा आकडा ठरला, चेक काही निघेना. मालक म्हणे, उद्या नक्की देतो. आता ते ऑडिट माझ्याकडेच असतं. एप्रिलला गेलो तर कपाट रिकामं. अण्णांनी वह्या घरी नेल्या होत्या.

मी फोन केला. म्हटलं, अण्णा, 2000 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, फी थकली म्हणून वकिलालासुद्धा पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत.

"मी वकील आहे का?"

यंदाचं ऑडिट अण्णांच्या घरी आहे. सकाळी दहाला बोलावलंय, येताना अर्धा लिटर दूध आणायला सांगितलंय, आणि पिशवी फाडू नका, नीट कापा, म्हणालेत.