गाडी उभी, ऑइल कामावर

उरणजवळच्या चिरनेरच्या कुठल्याही पिकअपच्या केबिनमध्ये बसा. समोर महागणपतीचा फोटो आणि काचेच्या वरच्या कोपऱ्यात गॅरेजवाल्याने चिकटवलेला स्टिकर. त्यावर बॉलपेनने दोन आकडे: आज किती किलोमीटर झाले आणि पुढचं ऑइल किती किलोमीटरला बदलायचं. मालक त्या दुसऱ्या आकड्यावर निर्धास्त असतो. तो आकडा कोल्हापूरच्या लांब फेऱ्या करणाऱ्या गाडीसाठी बरोबर असेल. चिरनेरच्या गाडीसाठी तो चुकीचा आहे.

चाक फिरलं की किलोमीटर वाढतात. ऑइल मात्र इंजिन फिरलं की झिजतं. हायवेवर दोन्ही एकाच वेळी फिरतात, म्हणून तिथे किलोमीटर मोजून भागतं. आपल्या रस्त्यावर चाक थांबलेलं असतं आणि इंजिन चालूच असतं.

२६ मे १९८९ ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. मग उरणच्या शेतांवर भराव पडले, कंटेनरचे यार्ड आले, गोदामं आली. आज दिघोडे, विंधणे, चिरनेर या पट्ट्यात ट्रेलरच्या शेपटाला ट्रेलर लागलेला असतो. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, चिर्ल्याहून शिवडी वीस-पंचवीस मिनिटांवर आली. चिर्ल्यापर्यंतचा रस्ता मात्र अजून ट्रेलरच्याच ताब्यात. त्या रांगेत भाजीची पिकअप आहे, विटांची आहे, लग्नाच्या मांडवाच्या सामानाची आहे. रांग एकदम थांबली तर माणूस गाडी बंद तरी करील. ती थांबत नाही, दर दोन मिनिटांनी गाडीभर सरकते. मग चावीला हात कोण लावणार?

आणि कुंभारवाड्याची गाडी बघा. हिवाळ्यात पोपटीचे, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचे, दिवस आले की मडकी पेंढ्यात रचून पिकअपमध्ये भरतात. खड्ड्यात एक जोराचा हिसका बसला की खालचा थर गेला. म्हणून ड्रायव्हर दुसऱ्या गिअरवर, सायकलच्या चालीने गाडी नेतो. किलोमीटर वीसच होतात, पण इंजिन दीड तास फिरतं. गणपतीच्या आधी मूर्ती निघतात तेव्हाही तीच गत.

आता हिशोब करू. दिवसाला ६० किलोमीटर धावणारी गाडी धरा. चालण्यात दोन तास, उभं राहून इंजिन चालू ठेवण्यात तीन तास. मी हे कमीच धरतोय, पावसाळ्यात आणि सणासुदीला याहून जास्त होतं. इंजिन उभ्या गाडीत एक तास चाललं तर ते साधारण ४० किलोमीटर धरावं, असा ठोकताळा मोठ्या गाड्यांचे ताफे सांभाळणारे लोक वापरतात. तीन तासांचे १२० आणि खरे ६०, म्हणजे दिवसाला १८०. महिन्यात २५ दिवस गाडी बाहेर पडली तर ४,५००. स्टिकरवर १०,००० लिहिलेलं असलं तर ते सव्वादोन महिन्यांत संपले. तेव्हा मीटरवर किलोमीटर दिसतात जेमतेम ३,३००. मालक स्टिकर बघतो आणि म्हणतो, अजून पुष्कळ आहे. त्याच्या हिशोबाने पुढचं ऑइल आधीच्या बदलापासून साडेसहा-पावणेसात महिन्यांनी. तोवर इंजिनाच्या पोटात जे फिरत असतं त्याला ऑइल म्हणवत नाही.

हा ठोकताळा पटत नसेल तर दारातल्या ट्रॅक्टरकडे बघा. ट्रॅक्टरचं ऑइल किलोमीटरवर बदलणारा शेतकरी मला अजून भेटलेला नाही. त्याला तासांचा मीटर असतो आणि बऱ्याच ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत ऑइल बदलायला २५० तासांच्या आसपासचा आकडा असतो. आपली पिकअप दिवसाला पाच तास चालते. २५० तास भरायला ५० दिवस, म्हणजे कामाचे दोन महिने. दोन वेगळ्या वाटांनी गेलो आणि जवळपास एकाच आकड्यावर आलो. एकाच अंगणात ट्रॅक्टर आणि पिकअप, दोघांचा मालक एक, दोघांचंही इंजिन डिझेलचं. ट्रॅक्टरला जो न्याय तो पिकअपला का नाही?

यावर गॅरेजबाहेरच्या बाकावर ठरलेलं उत्तर मिळतं: "उभ्या गाडीला लोड कुठे असतो?" लोड नसतो हे खरं. पण लोड नसणं म्हणजे इंजिनाला आराम नव्हे. डिझेल नीट जळायला सिलिंडर चांगला तापावा लागतो. उभ्या गाडीत तो हवा तसा तापत नाही. अर्धवट जळालेल्या डिझेलची काजळी होते, ती रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरते. थोडं कच्चं डिझेलही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळतं आणि ऑइल पातळ करतं. त्यातच इंजिन मंद फिरत असल्यामुळे ऑइल पंपाचा दाबही कमी.

चांगल्या ऑइलमध्ये काजळीचा कण न् कण सुटा ठेवणारी द्रव्यं घातलेली असतात. म्हणून डिझेलच्या गाडीचं ऑइल बदलल्यावर चार दिवसांत काळं होतं. ते काळं होणं वाईट नाही. काजळी इंजिनाला चिकटण्याऐवजी ऑइलमध्ये तरंगते आहे, हा त्याचा अर्थ. ही द्रव्यं संपली की मग काजळीच्या गाठी होतात, ऑइल काकवीसारखं दाटतं, फिल्टर तुंबतो. फिल्टर तुंबला तरी इंजिन कोरडं पडू नये म्हणून त्याला एक पळवाटेची झडप दिलेली असते. ती उघडते आणि न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगवर जातं. गाडी चालत राहते, आवाजही फारसा बदलत नाही. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोची दांडी मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते, आणि ती फिरते ऑइलच्या केसाहून पातळ पडद्यावर. त्या पडद्यात काजळीची गाठ आली की काय होतं ते मी माझ्या मावसभावाच्या गाडीत पाहिलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच्या पिकअपचं ॲव्हरेज लिटरला चौदावरून नऊवर आलं. त्याने ड्रायव्हरला धरलं, "डिझेल जातंय कुठं?" तो पोरगा करंजा बाजूचा, वीस-बावीस वर्षांचा. तो म्हणाला, "दादा, गारी लाइनीत उभी व्हती." भावाने ते ऐकून घेतलं नाही, त्याच्या पगारातून दोन हजार कापले. डिझेल कुणी चोरलेलं नव्हतं, ते रांगेत जळलं होतं. आणि जे डिझेल जळलं त्याची काजळी ऑइलमध्ये साठली होती. ॲव्हरेज पडलं त्या दिवशीच ऑइल बदललं असतं तर पाच-सहा लिटर ऑइल आणि एक फिल्टर एवढ्यावर भागलं असतं. स्टिकरवर चार हजार किलोमीटर बाकी होते म्हणून गाडी तशीच चालवली. दीड महिन्यात साई गावाच्या अलीकडे शिट्टीसारखा आवाज आला, मागे निळा धूर निघाला आणि ऑइलचा दिवा लागला. टर्बो गेला, बेअरिंगं गेली, क्रँकवर ओरखडे. ७०,००० रुपये आणि सतरा दिवस गाडी बंद. गॅरेजवाल्याने तेव्हाही ड्रायव्हरकडेच बोट दाखवलं.

या बाबतीत मी पूर्णपणे ड्रायव्हरच्या बाजूचा आहे. ऑइल कधी बदलायचं हे तो ठरवत नाही, पैसे मालक देतो. गाडी बंद का करत नाहीस, असं मी त्या पोराला विचारलं तेव्हा त्याने सीटखालची बॅटरी दाखवली. उतरलेली होती. गाडी एकदा बंद केली की भर रांगेत धक्का मारायला चार माणसं बोलवावी लागायची आणि मागचा ट्रेलर हॉर्नने कान फोडायचा. बॅटरीचे पाच-सहा हजार वाचवायला मालकाने इंजिन पणाला लावलं होतं. आपल्या पट्ट्यात बॅटरी चांगली असणं ही ऑइलची अर्धी काळजी आहे. दहा मिनिटं हलणार नाही अशी रांग दिसली की ज्याला निर्धास्तपणे चावी फिरवता येते, त्याच्याच गाडीचं ऑइल टिकतं.

सकाळी गाडी काढण्याआधी ऑइलची काडी बघायला अर्धं मिनिट लागतं. गाडी सपाट जागेवर हवी. काडी ओढा, फडक्याने पुसा, परत पूर्ण घाला, मग ओढून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. खालच्या खुणेखाली गेलं तर सगळे घाबरतात, ते बरोबरच. वरच्या खुणेच्या वर गेलं तर मात्र लोक खूश होतात. खूश होऊ नका. ऑइल आपोआप वाढत नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी ज्यांना धुराच्या नळीत काजळी पकडणारी जाळी आहे, म्हणजे डीपीएफ, त्या गाड्या ती जाळी जाळून साफ करायला जादा डिझेल सोडतात. सारखी उभी राहणारी, अधूनमधून बंद होणारी गाडी हे काम मध्येच सोडते, आणि ते डिझेल ऑइलमध्ये उतरतं. काडी नाकाशी धरा, डिझेलचा उग्र वास आला तर स्टिकर विसरून त्याच दिवशी ऑइल काढा. अशा गाडीत नुसता डबा बघून कुठलंही स्वस्त ऑइल घालू नका. पुस्तिकेत लिहिलेल्याच दर्जाचं घाला, नाहीतर ऑइलच्या राखेने ती महागडी जाळी बुजते. काडीवर दुधाळ, चहासारखा रंग दिसला तर पाणी शिरलंय, गाडी चालूच करू नका.

उलट बाजूची चूकही सांगायला हवी. आपल्याकडचे काही जुने मिस्त्री सरसकट तीन हजार किलोमीटरवर ऑइल बदलायला लावतात, कोल्हापूरच्या लांब फेऱ्या करणाऱ्या गाडीलाही. ती गाडी दिवसाला तीनशे किलोमीटर एका चालीत धावते. इंजिन नीट तापतं, काजळी कमी होते. तिचं ऑइल पुस्तिकेप्रमाणे आरामात टिकतं. ते तीन हजारांवर काढून फेकणं म्हणजे चांगल्या ऑइलची नासाडी.

आणि काढलेलं ऑइल जातं कुठे, यावर मला राग येतो. चिरनेरच्या रस्त्याकडेला जुनं ऑइल नाल्याकडे वाहून गेलेल्या काळ्या रेघा मी स्वतः पाहिल्या आहेत. ज्या अक्कादेवीच्या डोंगरासाठी २५ सप्टेंबर १९३० ला इथल्या माणसांनी जंगल सत्याग्रहात गोळ्या झेलल्या, त्या डोंगराचं पाणी याच नाल्यांनी भातशेतीत उतरतं. त्या पाण्यावर ऑइलचा तवंग धरला की खालचा जीव गुदमरतो, आणि त्यातले धातूचे कण मातीत राहतात. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेलं ऑइल गोळा करून पुन्हा शुद्ध करायची जबाबदारी कायद्याने ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवर आली आहे. गॅरेजमध्ये ते ड्रममध्ये साठवलं तर विकत घेणारा येतो. तुमच्या गॅरेजवाल्याकडे ड्रम आहे का, एवढं एकदा विचारा. काही घरी जळकं ऑइल वाळवीसाठी लाकडाला लावतात. गोठ्याच्या खांबांना तरी लावू नका, गुरं खांब चाटतात. आणि नव्या ऑइलचा रिकामा डबा भंगारात देण्याआधी खिळ्याने भोक पाडा. नाहीतर त्याच डब्यात भेसळीचं ऑइल भरून तो परत तुमच्याच गाडीपुढे येतो.

मावसभावाने इंजिन नवीन केल्यावर पहिल्यांदा बॅटरी बदलली. मग त्या पोराचे दोन हजार परत केले, तेही मावशीने सांगितल्यावर. स्टिकर काढून टाकला. आता डॅशबोर्डवर चाळीस पानी वही आहे, रबराने पेन बांधलेलं. गाडी चालू केली की वेळ, बंद केली की वेळ, महिन्याच्या शेवटी बेरीज.

गेल्या आठवड्यात मी त्या गाडीतून दिघोड्याहून चिरनेरला येत होतो. पुढे ट्रेलर आडवा लागला होता. पोराने गाडी बाजूला घेतली, टर्बो थंड व्हावा म्हणून मिनिटभर इंजिन तसंच चालू दिलं, मग चावी फिरवली. वही उघडून लिहिलं, ७.४०. खिडकीतून बेडकांचा आवाज येऊ लागला. पुढची गाडी हलली आणि त्याने परत पेन हातात घेतलं तेव्हा ८.२५ झाले होते.