टोपकर

जर्मनीत शिकायला आलेला मराठी मुलगा पहिल्या हिवाळ्यात एकतर व्हीगन होतो, नाहीतर प्रेमात पडतो, नाहीतर टोपकर होतो. पहिले दोघे उन्हाळ्यापर्यंत बरे होतात. टोपकर बरा होत नाही. पुढे त्याला नोकरी लागते, कायम राहण्याचा परवाना मिळतो, डोक्यावरचे केस विरळ होतात, तरी टोप काही शेगडीवरून उतरत नाही.

आडनाव काहीही असो, पोरांत तो टोपकरच. आखेन, श्टुटगार्ट, केम्निट्झ, जिथे म्हणून तंत्रशिक्षणाचं विद्यापीठ आहे आणि चालत जाण्याजोगं एखादं आल्डी किंवा लिडल आहे, तिथे एक तरी टोपकर सापडतोच. ओळखायचा कसा? त्याला विचारा, ‘काय रे, जेवलास का?’ तो ‘हो’ म्हणणार नाही. म्हणेल, ‘एक युरो दहा सेंट.’

पैशाची ओढाताण तशी सगळ्यांनाच असते. विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच खात्यात अडकवून ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा ११,९०४ युरो झाला, त्यातले महिन्याला ९९२ हाती पडतात. खोलीचं भाडं आणि आरोग्य विमा गेला की उरलेल्यात बाकीची पोरं कसाबसा महिना ढकलतात आणि एक तारीख उजाडली की डोनर कबाब खायला धावतात. टोपकर एक तारखेलाही डोनर खात नाही. एका डोनरच्या पैशात किती ताटं होतात हे त्याला पाठ असतं, आणि तुम्ही डोनरचा पहिला घास घेत असतानाच तो ते सांगतो.

माझ्या ओळखीचा टोपकर इस्लामपूरकडचा. आला तेव्हा तो साधा, फोडणी देणारा माणूस होता. पण इथे राहत्या घरांत धुराचे गजर बसवणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि वसतिगृहाच्या बोळातल्या गजराला मोहरी आणि आग यांतला फरक कळत नाही. पहिल्याच आठवड्यात याची मोहरी तडतडली, गजर बोंबलला आणि अख्खी इमारत रात्री साडेदहाला अंगावरच्या चड्डी-बनियनवर पार्किंगमध्ये उभी राहिली. त्यात भर म्हणून स्वयंपाकघर सामायिक, भिंतीवर साफसफाईच्या पाळ्यांचा तक्ता, आणि दर खरकट्या भांड्यामागे एक चिठ्ठी. शेवटी मजल्यावरच्या एका जर्मन मुलीने त्याला आइनटोप्फ दाखवलं: एक टोप, त्यात मसूर, भाज्या, सॉसेज. धूर नाही, घासायला एकच भांडं आणि तीन दिवसांचं जेवण. तिला ही मदत वाटली होती. त्याला दीक्षा मिळाली.

आता त्याला स्वयंपाक करताना बघावं. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या सुमारास तो सॉसेजच्या फडताळासमोर उभा असतो. तारीख जवळ आलेल्या पाकिटांवर तीस टक्के सवलतीची चिकटपट्टी लागते, ती लावणाऱ्या बाईंच्या मागे मागे हा अदबीने फिरतो. मग सुपेनग्र्यूनची जुडी. दोन गाजरं, लीकचा एक तुकडा, सेलेरीच्या कंदाची फोड आणि पार्सलीच्या चार काड्या, सगळं रबराने बांधलेलं. बटाटे हिरव्या लेबलाचेच हवेत, कारण ते शिजून अखंड राहतात. निळ्या लेबलाचे पिठूळ, त्यांचा रश्श्यात लगदा होतो. चुकून कुणी निळी पिशवी आणली तर टोपकर रागावत नाही, नुसता तिच्याकडे बघत राहतो.

टोपात तेल, कांदा, मग जुडी चिरून. वर न भिजवलेला मसूर. इथला मसूर आपल्यापेक्षा अंगाने मोठा आणि रंगाने हिरवट-तपकिरी. एक तमालपत्र, भरपूर पाणी. अर्ध्या वाटेवर बटाटे. शेवटी व्हिनेगर, आणि ते शेवटीच, कारण आंबट आधी पडलं की मसूर शिजायचं नाव घेत नाही. इथवर कुणालाही जमेल. खरा टोपकर सॉसेजच्या वेळी दिसतो. ते वीनर असेल तर उकळत्या रश्श्यात टाकायचं नाही. साल फुटते आणि सगळी चव पाण्यात जाते. म्हणून आधी शेगडी बंद करायची, मग सॉसेज अलगद सोडायची, झाकण घालायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. ही दहा मिनिटं तो झाकणावर पंजा ठेवून उभा असतो. कुणी ‘झालं का?’ म्हणून जवळ आलं की पंजा दाबतो. धुरावलेलं मेटवुर्स्ट असेल तर मात्र पहिल्यापासून शिजवायचं, म्हणजे धुराचा वास मसुरात उतरतो. हा फरक तो नवीन पोरांना मुंजीतल्या गुरुजींच्या सुरात समजावतो आणि पोरं ‘हो दादा’ म्हणतात, कारण ताटं त्याच्या हातात असतात.

सगळं झालं की इकडेतिकडे बघून तो कपाटातून एक बरणी काढतो. घरची कांदा-लसूण चटणी. दोन चमचे. जर्मन मित्रांना तो ‘पॅप्रिका’ म्हणून सांगतो. खरं सांगायचं तर एवढा द्राविडी प्राणायाम करून तो जे रांधतो तो कराड-इस्लामपूर पट्ट्यातल्या ढाब्यांवर मिळणारा अख्खा मसूरच असतो, फक्त त्यात डुक्कर पोहत असतं. आईचा व्हिडिओ कॉल आला की फोन टोपावर धरायचा, सॉसेज चमच्याने खाली दाबायचं आणि म्हणायचं, ‘मसूर केलाय, आई.’ यात खोटं एक अक्षर नाही.

टोपकराला आपल्या टोपाचा इतिहासही तोंडपाठ असतो. एर्ब्सवुर्स्ट ही त्याची आवडती गोष्ट. १८६७ साली बर्लिनमध्ये ग्र्युनेबेर्ग नावाच्या माणसाने वाटाण्याच्या पिठात चरबी आणि मसाला घालून त्याच्या कांड्या बनवल्या. तुकडा तोडा, पाण्यात उकळा, सूप तयार. १८७०च्या फ्रान्सविरुद्धच्या लढाईत प्रशियाचे सैनिक ते सूप प्यायले. नंतर क्नोर कंपनी ते करू लागली आणि २०१८च्या अखेरीस तिने ते बंद केलं. टोपकर २०१८ हे साल घरातलं माणूस गेल्यासारखं उच्चारतो. वास्तविक तो इथे आला त्याच्या कितीतरी नंतर.

पण इतिहास अर्धा वाचला की काय होतं, हेही त्यानेच दाखवलं. एका नोव्हेंबरात त्याने स्वयंपाकघरात कागद लावला: दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मजल्यावर सगळ्यांनी एकाच टोपातलं साधं जेवण जेवायचं आणि वाचलेले पैसे डब्यात टाकायचे. खाली सही, स्मायली. रविवारी इथे दुकानं बंदच असतात, तेव्हा सोयही उत्तम. मराठी-तेलुगू मंडळी खूश. जर्मन मंडळी कागद वाचून गप्प झाली. संध्याकाळपर्यंत एकाने तो अगदी हळूच काढला आणि टोपकराला बाजूला नेऊन सांगितलं की ही योजना आमच्याकडे पूर्वी होऊन गेलेली आहे. १९३३च्या ऑक्टोबरात नाझी सरकारने ‘आइनटोप्फ रविवार’ सुरू केला होता. हिवाळ्याच्या महिन्यांत ठरल्या रविवारी घरोघरी आणि हॉटेलांतही एका टोपातलं जेवण, माणशी पन्नास फेनिगांच्या आत, आणि उरलेले पैसे घ्यायला दारात डबेवाले हजर. वर कुणी वेगळं शिजवत नाही ना, याकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांचं लक्ष. टोपकर दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘माणशी पन्नास फेनिग? आजच्या भावाने किती होतील?’

एका टोपाच्या तत्त्वावर खरा घाला मात्र इतिहासाने घातला नाही, आपल्याच माणसांनी घातला. सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होतं. नव्या पोरांच्या स्वागताला टोपकराने सगळ्यांना जेवायला बोलावलं. बजेट काढलं, टोप घासला. मग निरोप येऊ लागले. लातूरच्या मुलाला गाय चालत नव्हती आणि पाकिटावर डुकराबरोबर गायही निघाली. हैदराबादच्या मुलाला डुक्कर चालत नव्हतं. टोपकराने टर्कीची सॉसेज आणली, तर मागे बारीक अक्षरांत ‘डुकराच्या चरबीसह’. नाशिकची मुलगी शाकाहारी, पण तिला सोयाचं सॉसेजही नको, ‘दिसायला तसंच दिसतं ना’ म्हणून. आणि पुण्याहून आलेला एक जैन मुलगा. त्याला कांदा, बटाटा, गाजर, सेलेरीचा कंद, काहीच चालेना. जुडीतून सगळं वजा जाता हातात पार्सली उरली. त्या रात्री शेगडीच्या चारही बर्नरवर चार टोप होते, दोन शेजारच्या मजल्यावरून मागून आणलेले. जैन मुलाने सोबत आणलेलं खाखऱ्याचं पाकीट उघडलं. जेवण छान झालं. सगळे हसले-खिदळले, गाणी झाली, आणि टोपकर सिंकपाशी चार टोपांकडे असा बघत उभा राहिला की त्याला कुणी ‘दादा, आम्ही घासतो’ म्हणायचं धाडसही केलं नाही.

शिक्षण संपलं, श्टुटगार्टला नोकरी लागली. आता तरी हा माणसांत येईल असं वाटलं. पण जर्मनीत भाड्याचं घर बऱ्याचदा स्वयंपाकघराशिवाय मिळतं. म्हणजे खोली असते, ओटा नसतो, सिंक नसतं, आधीचा भाडेकरू कपाटांसकट सगळं उचकटून घेऊन जातो. भिंतीतून नळाची तोंडं तेवढी बाहेर आलेली. इतर लोक हे बघून रडकुंडीला येतात आणि काही हजार युरोंचं किचन बसवून घेतात. टोपकराने खिडकीपाशी एका बर्नरची शेगडी ठेवली, तिच्यावर टोप चढवला आणि समाधानाने म्हणाला, ‘बाकी कशाला हवंय?’ गेल्या उन्हाळ्यापर्यंत त्याच्याकडे तेवढंच होतं.

गेल्या उन्हाळ्यात आई-वडील आले. आईने बॅगेत पाच लिटरचा कुकर आणला होता. विमानतळावर तो क्ष-किरण यंत्रात दोनदा गेला. मीही त्या दिवशी जेवायला होतो. टोपकराने पहिल्यांदाच घरच्यांसमोर झाकण उघडलं, कारण आता खाली दाबून सॉसेज लपणार नव्हती. वडिलांनी एक वीनर उचललं, चावलं आणि काही न बोलता ताट पुन्हा पुढे केलं. आईने चमचा घातला, ढवळला, काहीतरी वर काढलं आणि उजेडात धरून बघितलं.

‘ते डुकराचं-बिकराचं तुमचं तुम्ही बघा,’ ती म्हणाली. ‘पण मसुरात गाजर कुणी घालतं व्हय रं?’

‘जुडीतच येतं, आई,’ टोपकर म्हणाला. ‘पैसे दिलेत.’