तानपुरा छान लागला

पुण्याहून रात्रभर गाडीत अंग आंबवून मी नागपूरला गेलो, तो एका माणसाचा एक सूर ऐकायला. एकच. हा कलाकार लॅपटॉप आणि बटणांची एक पेटी घेऊन बसतो, सूर लावतो आणि कुणाला कळणार नाही अशा बेताने तो बदलत नेतो. या प्रकाराला 'मिनिमल' म्हणतात. तिकीट मात्र मिनिमल नव्हतं.

स्टेशनवरून मेट्रोने अग्रसेन चौकात उतरलो आणि गांधीबागेत शिरलो. मिनिमल या शब्दाचा इतका सणसणीत अपमान करणारी दुसरी जागा नसेल. ठोक कापडाची दुकानं एकमेकांच्या खांद्यावर बसलेली. एकाच पाटीवर साड्या, ड्रेस मटेरियल, सुटिंग-शर्टिंग आणि लग्नाचा बस्ता. एक हमाल डोक्यावर गठाण घेऊन असा आला, की बाजूच्या गायीने आणि मी एकाच वेळी वाट दिली.

मामेसासऱ्यांचं दुकान तिथेच. त्यांनी आधी तर्री-पोहे समोर ठेवले आणि मग विचारलं, "काऊन जवाईबापू, पुण्यात गाणं होत नाही का?"

तर्रीने डोळ्यांत आलेलं पाणी पुसत मी ज्ञान पाजळलं. म्हटलं, मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझरवर दहा राग वाजवून डिस्कोच्या ठेक्यात रेकॉर्ड काढली होती.

"विकली गेली?"

"नाही. पण २०१० मध्ये एका डच माणसाने ती पुन्हा काढली, तेव्हा जगभर गाजली."

"म्हणजे माल खराब नव्हता," मामा म्हणाले, "सीझन चुकला."

संध्याकाळी मामाही निघाले. जावयाला एकटं कसं सोडायचं? कार्यक्रम तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, जिन्यात दोन्ही बाजूंना गठाणी. श्रोते पंचवीसेक, सगळे काळ्या टीशर्टात. मामा पांढऱ्याशुभ्र झब्ब्यात, पहिल्या रांगेत.

सूर लागला. हूंऽऽऽ. कलाकाराने अंगठ्याने एक बटण तीळभर फिरवलं. हूंऽऽऽ. खाली कुठला तरी टेम्पो रिव्हर्स घेताना टिंगटिंग गाणं वाजवू लागला. माझ्या शेजारच्या दोघांनी डोळे मिटून मान डोलावली. टेम्पो गेल्यावर त्यांचे डोळे उघडले, जरा नाराजीनेच.

दहा मिनिटांनी मामा माझ्या कानाशी आले. "तानपुरा छान लागला. गाणारा केव्हा येते?"

"मामा, हाच तो."

"हा तर अजून जुळवूनच राहिला!"

मला हसू फुटलं. पुढच्याच क्षणी ते घशात अडकलं. या मिनिमल संगीताचे दोन अमेरिकी मूळपुरुष, ला मॉन्ट यंग आणि टेरी रायली, १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. रायलीची 'इन सी' ही गाजलेली रचना तोवर सहा वर्षांची झाली होती. एवढं नाव मिळवलेली ही माणसं गुरूपुढे तानपुरा घेऊन बसली. आपण तानपुरा लागला की गाणाऱ्याची वाट बघतो. या पंथाने तानपुऱ्यातच मुक्काम ठोकला. मी पुस्तकं वाचून जे जमवलं होतं, ते मामांनी दहा मिनिटांत कानाने पकडलं होतं.

पाऊण तास झाला असेल. मी घड्याळ बघत होतो, शेजारचे दोघे मोबाइल बघत होते. मामा एकदम पुटपुटले, "चढला." मी कान दिला. खरंच, सूर केसभर वर सरकला होता. पहिल्या रांगेकडे बघून कलाकार त्या संध्याकाळी पहिल्यांदा हसला.

परतताना जिन्यात मामांनी सवयीने एका गठाणीतून डोकावणारं कापड चिमटीत धरलं आणि अंगठ्याने त्याचा पोत पाहिला.

"जवाईबापू, प्रिंटात खोट लपते, प्लेनात नाही लपत. या पोराचा माल चोख होता."

मी सुखावलो. एवढ्या प्रवासाचं सार्थक झालं.

दोन पायऱ्या उतरून मामा थांबले.

"ताका मात्र भल्ला लांब होता."